नदीच्या पात्रातली शाळा

लॉस एंजलिसला गेलेला मराठी पाहुणा ठरलेल्या गोष्टी बघून येतो. टेकडीवरची हॉलिवूडची अक्षरं, युनिव्हर्सल स्टुडिओ, वेळ उरलाच तर सांता मोनिकाचा किनारा. युनिव्हर्सल स्टुडिओपासून गाडीने फार तर अर्ध्या तासावर, सॅन फर्नांडो व्हॅलीत, व्हॅली ग्लेन नावाची वस्ती आहे. तिकडे सहसा कोणी नेत नाही. बैठी घरं, एक कॉलेज, आणि कोल्डवॉटर कॅनियन अव्हेन्यूला समांतर जाणारा काँक्रीटचा खोल, रुंद कालवा. कडेला जाळीचं कुंपण आणि चालायला वाट. वर्षातले बहुतेक दिवस कालव्याच्या तळाशी पाण्याची एक धार तेवढी असते. पलीकडच्या उभ्या भिंतीवर मात्र 2,754 फूट लांब आणि 13 फुटांहून उंच असं एकच सलग चित्र आहे. आपल्या हिशेबात सुमारे 840 मीटर. रमतगमत चाललं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला पंधरा मिनिटं सहज लागतात, आणि इथे भरभर चालणं कोणालाच जमत नाही.

चित्राला अधिकृत नाव आहे ‘कॅलिफोर्नियाचा इतिहास’. लोक त्याला ‘द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजलिस’ म्हणतात. सुरुवात होते इ. स. पूर्व 20,000 च्या आसपास, डांबराच्या डबक्यांभोवती फिरणाऱ्या प्राण्यांपासून. मग इथले मूळ रहिवासी, चुमाश लोक. 1769 साली स्पॅनिश मोहीम येते. 1781 मध्ये शहर वसवणारी कुटुंबं दिसतात. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या अंगात आफ्रिकी रक्त होतं, ही गोष्ट शहरातल्या कित्येकांना या भिंतीमुळेच कळली. पुढे रेल्वेचे रूळ टाकणारे चिनी मजूर आणि 1871 चं चिन्यांचं हत्याकांड. मंदीच्या काळात गाड्यांत बसवून मेक्सिकोला धाडलेली लाखो माणसं. त्यांतले कितीतरी जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. महायुद्धात छावण्यांत कोंडलेली जपानी वंशाची कुटुंबं. 1943 मध्ये सैलसर ‘झूट सूट’ घातले म्हणून मेक्सिकन वंशाच्या पोरांना रस्त्यात गाठून नाविकांनी केलेली मारहाण. आशियाई वंशाच्या लोकांना 1952 मध्ये मिळालेला नागरिकत्वाचा हक्क. (भारतीयांना तो 1946 मध्ये मिळाला होता, त्याआधी भारतीय माणूस तिथे वर्षानुवर्षं शेती करूनही नागरिक होऊ शकत नसे.) रक्तपेढीचं शास्त्र उभं करणारे कृष्णवर्णीय डॉक्टर चार्ल्स ड्रू आहेत, रोझा पार्क्स आहेत. शेवटाला धावपटू विल्मा रुडॉल्फ आणि बिली मिल्स.

ही यादी वाचताना हे एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाचं काम वाटेल. प्रत्यक्षात भिंत रंगवली ती चौदा ते एकवीस वर्षांच्या पोरापोरींनी. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नावावर बालन्यायालयाचे कागद होते. पाच उन्हाळ्यांत मिळून चारशेहून अधिक मुलं इथे राबली. त्यांना राबवणारी बाई पेशाने शिक्षिका. नाव ज्युडिथ फ्रान्सिस्का बाका. शहर त्यांना ज्युडी बाका म्हणून ओळखतं.

बाका यांचा जन्म 1946 चा, लॉस एंजलिसचाच. वडील सोबत नव्हते. आई कामाला जायची, आणि ज्युडी वाढली आजीच्या आणि मावश्यांच्या हाताखाली. आजी फ्रान्सिस्का झाडपाल्याची औषधं देणारी. वस्तीतली माणसं दुखणं-खुपणं घेऊन तिच्याकडे यायची. घरात फक्त स्पॅनिश. पुढे आईने लग्न केलं आणि मायलेकी पकोइमा भागात राहायला गेल्या. तिथल्या शाळेत स्पॅनिश बोलायला बंदी होती आणि ज्युडीला इंग्रजी येत नव्हतं. बाकीचा वर्ग अभ्यास करायचा तेव्हा बाई तिला कोपऱ्यात रंग आणि कागद देऊन बसवायच्या. बाका यांनी ही हकिकत अनेकदा सांगितली आहे. मला ती महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. भाषा हिरावून घेतलेल्या मुलाला वर्गात काय वाटतं हे ज्या शिक्षिकेने स्वतः सोसलेलं असतं, ती पुढे वर्ग चालवताना पहिला प्रश्न कोणता विचारेल, याचा अंदाज इथे येतो.

1969 मध्ये त्यांना पदवी मिळाली. घराण्यात कॉलेज पाहिलेली ही पहिलीच. काढलेली चित्रं त्यांनी आजीला दाखवली. आजीने शांतपणे विचारलं की याचा उपयोग काय? आजीच्या जगात प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी कामाची असायची; पाला तापावर, मुळी पोटदुखीवर. बाका या प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा येतात. प्रदर्शनाच्या दालनात आपली आजी कधी पाऊल टाकणार नाही, आपल्या वस्तीतलं कोणीच टाकणार नाही, हे त्यांना उमगलं होतं.

ज्या शाळेत त्या शिकल्या तिथेच शिकवायला लागल्या. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं केली म्हणून काही सहकाऱ्यांसोबत त्यांची नोकरी गेली. 1970 च्या उन्हाळ्यात शहराच्या उद्यान खात्यात काम मिळालं, बॉइल हाइट्स भागातल्या बागांमध्ये मुलांना चित्रकला शिकवायचं. लहान मुलं तासाला यायची. बागेत दुसरीकडे मोठी पोरं पत्ते, डॉमिनो खेळत बसलेली असायची आणि त्यांना कोणी काही शिकवायला येत नसे. बाका त्यांच्याकडे वळल्या. ही पोरं भिंतींवर नावं लिहायची आणि अंगावर गोंदवून घ्यायची. कुठल्या भिंतीवर कोणत्या टोळीचं नाव आहे यावरून हद्द कळायची, कोणी कुठवर जायचं ते कळायचं. म्हणजे चित्र आणि अक्षर यांची ताकद त्यांना आधीच ठाऊक होती. शिक्षिकेने तिथूनच सुरुवात केली.

एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या चार टोळ्यांतली वीस पोरं त्यांनी गोळा केली. गटाला नाव दिलं ‘लास विस्तास न्युएवास’, म्हणजे नवी दृश्यं. हॉलेनबेक पार्कमधल्या वाद्यवृंदाच्या अर्धगोल मंचावर त्यांनी एक आजी रंगवली, ‘मी आबुएलीता’, हात पसरून कवेत घ्यायला उभी. काम चालू असताना एखादा पोरगा टेहळणीला उभा असे. विरोधी टोळी येतेय का, पोलीस येताहेत का, हे बघायला. चित्र झालं आणि वस्तीतल्या बायका त्या आजीसमोर मेणबत्त्या लावू लागल्या. शहराच्या अधिकाऱ्यांनीही पाहिलं की एका बागेत भांडणारी पोरं एकत्र काम करताहेत. 1974 मध्ये बाका यांच्या पुढाकाराने शहरभर भित्तिचित्रांची योजना सुरू झाली आणि तिच्यातून चारशेहून अधिक चित्रं झाली. पण सरकारी पैसा आला की सरकारी नजरही येते. वस्तीचं दुःख आणि पोलिसांशी होणारा संघर्ष भिंतीवर दिसू लागला तेव्हा आक्षेप सुरू झाले. म्हणून 1976 मध्ये क्रिस्टिना श्लेसिंजर आणि डोना डाइच यांच्यासोबत त्यांनी ‘स्पार्क’ ही स्वतःची संस्था काढली. संस्थेला जागा मिळाली ती व्हेनिसमधल्या जुन्या पोलीस ठाण्याची, कोठड्यांसकट. आजही ती तिथेच आहे.

आता त्या कालव्याकडे वळू.

लॉस एंजलिसची नदी एकेकाळी वळणं घेत, दर काही वर्षांनी पात्र बदलत वाहायची. 1938 च्या मार्च महिन्यातल्या महापुरात शंभरावर माणसं गेली. त्यानंतर लष्कराच्या अभियंता विभागाने नदी आणि तिला मिळणारे ओढे काँक्रीटमध्ये बांधून काढले. नदीचं गटार झालं. पूर थांबला, पण पाण्याशी लोकांचा संबंधही संपला. या कामातलाच एक ओढा म्हणजे टुहुंगा वॉश. 1974 मध्ये याच अभियंता विभागाने बाका यांना बोलावलं. कालव्याकाठी छोटी बाग करायची होती, भिंत जरा शोभिवंत करता आली तर बघा, एवढीच त्यांची अपेक्षा.

बाका यांनी भिंत बघितली आणि त्यांना आठवला त्यांच्या गटातला एक पोरगा. सुरीहल्ल्यातून तो वाचला होता, अंगावर व्रण राहिले होते, आणि त्या व्रणांवर गोंदवून घेऊन त्याने ते स्वतःचे केले होते. काँक्रीटमध्ये बांधलेली नदी हा जमिनीवरचा व्रण आहे, आणि त्यावर आपण गोंदण करायचं, असं त्यांनी तेव्हापासून म्हटलं आहे. नदीसोबत तिच्या काठच्या माणसांचा इतिहासही बुजवला गेला होता. शाळेच्या पुस्तकात नसलेला इतिहास या भिंतीवर काढायचा, असं ठरलं.

1976 च्या पहिल्या उन्हाळ्यात 80 मुलं होती. सोबत काही चित्रकार आणि इतिहासाचे अभ्यासक. काम उन्हाळ्यातच करता येणार, कारण पावसाळ्यात कालवा खरोखरचा कालवा होतो आणि वरच्या डोंगरातलं पाणी अचानक येतं. सॅन फर्नांडो व्हॅलीचा उन्हाळा म्हणजे पारा चाळिशीच्या आसपास. दोन्ही बाजूंनी काँक्रीट, खाली काँक्रीट, सावली नाही. तिथे डोक्याला फडकं, पायात जाड बूट घालून मुलं भिंत घासत, धुवत होती, तिच्यावर थर देत होती. त्या एका उन्हाळ्यात हजार फूट भिंत झाली, आदिकाळापासून 1910 पर्यंत.

मला या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती कामाचा क्रम. आधी अभ्यास, मग चित्र. इतिहासाचे अभ्यासक येऊन बोलायचे आणि मुलं प्रश्न विचारायची. वस्तीतली म्हातारी माणसं स्वतःचं सांगायची: छावणीत नेलं तेव्हा काय झालं, गाडीत बसवून सीमेपार कसं नेलं. मुलांनाही घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला लावलं जाई. त्यातून कोणता प्रसंग घ्यायचा, कोणाला मध्ये ठेवायचं, यावर चर्चा व्हायच्या. मग कच्ची रेखाटनं, मग मोठा आराखडा. रंगाचा डबा उघडायची वेळ फार उशिरा येई. घाईत भिंत रंगवणारा कोणीही हा वेळ वाया गेला म्हणेल. बाका यांच्या दृष्टीने तोच वर्ग होता. कामाच्या तुकड्याही मुद्दाम मिसळलेल्या असत. मेक्सिकन, कृष्णवर्णीय, जपानी, गोरी, मूळ अमेरिकी मुलं एकाच तुकडीत. या शहरात ती एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकत नव्हती. इथे एकाने शिडी धरायची आणि दुसऱ्याने वर चढायचं.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे मुलांना पगार होता. सरकारच्या तरुणांसाठीच्या उन्हाळी रोजगार योजनेतून तो मिळे. वेळेवर यावं लागे, पूर्ण दिवस काम करावं लागे. समाजकार्य म्हणून गरीब पोरांकडून फुकटात भिंत रंगवून घेण्याची पद्धत जगभर आहे आणि मला ती मनापासून खटकते. ज्याच्या घरात चूल पेटवायला पैसा लागतो त्या मुलाला ‘अनुभव मिळेल’ म्हणणं हा अन्याय आहे. आपल्याकडेही गावोगाव स्वच्छतेच्या मोहिमांत भिंती रंगतात, शाळांच्या भिंती बोलक्या होतात. त्यांत जीव ओतणारे कलाशिक्षक मी पाहिले आहेत. पण त्या भिंतीवर काय असावं हे तिथल्या मुलांना कोणी विचारलं का, आणि हात राबले त्यांना मोबदला मिळाला का, हे दोन प्रश्न क्वचितच पुढे येतात. लॉस एंजलिसच्या कालव्यात 1976 साली दोन्ही प्रश्नांना उत्तर होतं.

पहिल्या हजार फुटांत एक उणीव राहिली. वेगवेगळ्या चित्रकारांनी आपापले भाग आखले होते, त्यामुळे चित्र तुकड्यातुकड्यांचं दिसतं. बाका यांनाही ते जाणवलं. त्या मेक्सिकोतल्या कुएर्नावाकाला गेल्या, थोर भित्तिचित्रकार दाविद सिकेरोस यांच्या कार्यशाळेत शिकायला. सिकेरोस 1974 मध्ये वारले होते; कार्यशाळा त्यांचे सहकारी चालवत होते. लॉस एंजलिसशी सिकेरोस यांचं जुनं, कडवट नातं होतं. 1932 मध्ये ओल्व्हेरा स्ट्रीटवर त्यांनी ‘आमेरिका ट्रॉपिकाल’ रंगवलं. क्रुसावर चढवलेला मूळ रहिवासी आणि वर अमेरिकी गरुड. थोड्याच काळात त्यावर पांढरा रंग फासला गेला, आणि ते लोकांना पुन्हा बघायला मिळालं 2012 मध्ये. त्या चित्रकाराची विद्या बाका यांनी त्याच शहराच्या भिंतीवर परत आणली.

तिथे शिकलेली मुख्य गोष्ट म्हणजे चालत्या माणसासाठी चित्र रचण्याची पद्धत. भिंतीची लांबी-उंची ठरावीक प्रमाणात विभागायची, त्या विभागांचे कर्ण काढायचे, आणि जिथे रेषा छेदतात तिथे आकृत्यांचा भार टाकायचा. म्हणजे बघणारा पुढे सरकत गेला तरी एका प्रसंगातून दुसऱ्यात नजर आपोआप वाहत जाते. कामाची रीत मात्र कोणत्याही गवंड्याला समजेल अशी. छोट्या आराखड्यावर चौकटी पाडायच्या. भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडायच्या. त्यासाठी खडूत घोळवलेली दोरी दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची आणि मध्ये उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. आपले सुतार यालाच सूत मारणं म्हणतात. मग एकेका चौकटीतलं जे असेल ते मोठ्या चौकटीत उतरवायचं. भूमिती नको म्हणून शाळा सोडलेल्या पोराच्या हातून इथे प्रमाण आणि कर्ण होत होते.

1978, 1980, 1981 आणि 1983. एकेका उन्हाळ्यात साधारण साडेतीनशे फूट, म्हणजे जवळजवळ एकेक दशक. मधली वर्षं पैसे उभे करण्यात जात. 1984 मध्ये हा टप्पा पुरा झाला.

पहिल्या भागाशी तुलना केली तर 1950 च्या दशकाचा भाग किती पुढे गेला आहे ते डोळ्यांना कळतं. त्यातल्या दोन चित्रांपाशी मी जास्त वेळ थांबेन. एकात महायुद्धाच्या कारखान्यात रिव्हेट ठोकणारी रोझी आहे, त्या काळातल्या कामगार बायकांचं प्रतीक. युद्ध संपलं, पुरुष परतले, आणि बाईला घरी पाठवलं. चित्रात ही दणकट बाई टीव्हीच्या पडद्यात खेचली जाते आहे, घरगुती संसाराच्या त्या चकचकीत चौकटीत.

दुसरं चित्र आहे वस्त्यांच्या फाळणीचं. लॉस एंजलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमधून त्या दशकात महामार्ग काढले गेले. भिंतीवर हा महामार्ग अजगरासारखा वळसे घेत येतो, एका कुटुंबाला वेढे घालतो आणि माणसांना दोन बाजूंना तोडतो. ती एकमेकांकडे हात करताहेत आणि मधून सिमेंटचा पट्टा चालला आहे. वर आकाशातून एक गोल, झगमगती तबकडी उतरते आहे, परग्रहावरून यावी तशी. ते आहे डॉजर स्टेडियम. त्या जागी चावेझ रवीन नावाची, तीन छोट्या वस्त्यांची दरी होती. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त सरकारी घरं बांधायची म्हणून लोकांना उठवलं. घरं बांधलीच नाहीत. उरलेल्या कुटुंबांना 1959 मध्ये पोलिसांनी ओढून बाहेर काढलं, आणि 1962 मध्ये तिथे बेसबॉलचं मैदान सुरू झालं. चित्रात त्या स्टेडियमखाली बुलडोझर आहे आणि पोलिसांशी झगडणारी बाई आहे. गिरणगाव किंवा धरणाखाली गेलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग समजून घ्यायला टिपणाची गरज लागणार नाही.

उघड्यावरचं चित्र टिकवणं हे वेगळंच काम. ऊन, पुराचं पाणी, गाड्यांचा धूर, सगळं रंगावर येतं. शहराच्या धोरणानेही भित्तिचित्रांची कोंडी केली. जाहिरात कंपन्यांशी चाललेल्या कज्ज्यांच्या भरात लॉस एंजलिसने 2002 मध्ये खाजगी जागांवरच्या नव्या भित्तिचित्रांना बंदी घातली, ती 2013 पर्यंत उठली नाही. बाका यांनी 1984 च्या ऑलिंपिकसाठी महामार्गाच्या भिंतीवर काढलेलं मॅरेथॉन धावणाऱ्या स्त्रीचं चित्र 2019 मध्ये रंग मारून झाकलं गेलं. ग्रेट वॉल वाचली, कारण तिच्यामागे संस्था होती आणि माणसं होती. 2011 मध्ये तिची डागडुजी पुरी झाली. मूळ कामातले काही जण तेव्हा पुन्हा ब्रश घेऊन पात्रात उतरले. 2017 मध्ये भिंतीची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. बाका यांनी पुढे अनेक वर्षं विद्यापीठात शिकवलं, आणि त्यांना 2021 चं राष्ट्रीय कला पदक मिळालं. ते मार्च 2023 मध्ये व्हाइट हाउसमध्ये देण्यात आलं.

2021 मध्ये मेलन फाउंडेशनने भिंत पुढे नेण्यासाठी 50 लाख डॉलर दिले. 1960 च्या दशकापासून आजपर्यंतचा इतिहास आता घ्यायचा आहे. नवं काम पात्रात उभं राहून होत नाही. ते मोठाल्या कापडासारख्या पट्ट्यांवर रंगवायचं आणि नंतर भिंतीवर चढवायचं, अशी पद्धत आहे. 2023 च्या ऑक्टोबरपासून काही महिने लॉस एंजलिस काउंटीच्या कला संग्रहालयातल्या दालनात बाका आणि त्यांचे सहकारी चित्रकार लोकांसमोर हे भाग रंगवत होते. येणारा-जाणारा उभा राहून बघू शकत होता. 1960 च्या दशकातल्या वॉट्समधल्या कृष्णवर्णीय कलाकारांची चळवळ आणि 1968 मध्ये पूर्व लॉस एंजलिसच्या शाळांतून बाहेर पडलेली हजारो मेक्सिकन अमेरिकी मुलं, हे विषय तिथे आकार घेत होते.

हे सगळं नक्कीच चांगलं आहे. रंग जास्त टिकेल आणि चित्रकार सावलीत काम करतील. तरीही एका गोष्टीची मला काळजी वाटते. पात्रात उतरून, उन्हात, वेगळ्या जातकुळीच्या पोराने धरलेल्या शिडीवर चढून जे शिक्षण झालं, ते दालनात कसं होणार? पगारावर घेतलेल्या त्या मुलांची जागा आता तयार चित्रकारांनी घेतली, तर चित्र कदाचित अधिक सफाईदार होईल, पण वर्ग लहान होईल. पुढच्या दशकांचे आराखडे करताना वस्तीतल्या मुलांना पुन्हा आत आणणं हे मला पैसे उभे करण्याइतकंच निकडीचं वाटतं. आणि आता तर विषयच असा आहे की विचारायला दूर जायला नको. 1968 च्या शाळाबंदनंतर दोनच वर्षांनी युद्धविरोधी मोर्चांची ती वर्षं येतात, ज्यांत एका तरुण शिक्षिकेची नोकरी गेली होती. चार दशकांपूर्वी मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारून या असं सांगणाऱ्या बाई आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि या भागासाठी साक्ष कोणाची घ्यायची, तर त्यांचीच.